भिंतीची इर्जिक

भिंत पाडायला गेली तेव्हा माणसं अकरा घरची होती. पोलिसांची जीप बांधावर येऊन थांबली तेव्हा एकाही घरचं कोणी नव्हतं. म्हणजे माणसं तीच, उभीही तिथंच. पण आपण सहज इकडून चाललो होतो आणि चिखलात पाय रुतला म्हणून थांबलो, असं तोंड जो तो करून होता.

ही अकरा घरं मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या मागल्या अंगाला, एका तळ्याच्या खालच्या बाजूस. मूळ माणसं विट्याच्या पलीकडची. कुणाचा बाप सोनं गाळायला मद्रासला आला, कुणी स्वतः तिथल्याच आवडी गावच्या कारखान्यात रणगाड्यांचे नटबोल्ट आवळले. निवृत्त झाल्यावर शहाण्या माणसानं एग्मोरला जाऊन गाडी धरावी आणि गावी जाऊन खोकत बसावं. यांनी इथंच तळ्याखाली जमिनी घेतल्या आणि भात लावलं. गावाकडं जन्मात भात केलं नव्हतं. तिथं ज्वारीला पाणी नाही म्हणून रडत होते, इथं भाताला पाणी जास्त झालं म्हणून रडायला लागले. रडण्यात खंड पडला नाही, एवढंच.

अलकनंदा हे नाव गावच्या मास्तरांनी हौसेनं ठेवलेलं. ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून ती अलकाक्का झाली. तमिळ शेजारणीही अक्काच म्हणायच्या, त्यामुळं नावाच्या बाबतीत दोन्ही राज्यांत एकमत होतं. तिचा नवरा बाळकृष्ण तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी करून आलेला. सही कुठं करायची हे त्याला कळत होतं, आणि कुठं करायची नाही हे त्याहून जास्त कळत होतं. मुलगी कीर्ती पदार्थविज्ञान घेऊन शिकली, रेल्वेच्या परीक्षेत निवडली गेली. आता फक्त पोलिसांनी तिच्या चालचलणुकीचा दाखला द्यायचा राहिला होता. तो फॉर्म आठ दिवस ठाण्यात पडून होता.

आपल्याकडं दिवाळीत पाऊस आला तर लोक आभाळाला शिव्या देतात. इथं दिवाळीचाच पाऊस खरा. त्या वर्षी तो असा बसला की बेडकांनीसुद्धा ओरडणं थांबवलं. गुरुवारी तळं भरलं आणि सांडव्यावरून पाणी सुटलं. हे दर चार-दोन वर्षांनी व्हायचंच. पाणी ओढ्यात उतरायचं, ओढा पुढच्या तळ्याला जाऊन मिळायचा. पण दोन वर्षांपूर्वी कुणा प्लॉटवाल्यानं ओढा बुजवून त्याच्यावर आडवी भिंत घातली होती. पलीकडं घर एक नाही, नुसते प्लॉटच्या खुणेचे पिवळे दगड आणि एक फाटक. ओढ्यासाठी म्हणून भिंतीतून वीतभर नळी काढलेली. हत्तीला सलाईन लावावं तशी. ती नळी पहिल्याच दिवशी जलपर्णीनं तुंबली आणि पाणी अकरा घरांच्या भातावर कंबरभर चढलं.

लावणी होऊन तीनच आठवडे झालेले. भाताचं रोप पाण्याखाली सात दिवस दम धरतं; आठव्या दिवशी हातात घेतलं तर शेवाळासारखं लिबलिबीत लागतं. बाळकृष्णानं तीन कचेऱ्यांत तीन अर्ज दिले. तिन्हीकडं त्याला चहा मिळाला आणि हे काम दुसऱ्या कचेरीचं आहे असं कळलं.

शनिवारी अलकाक्कानं इर्जिकीची हाक दिली.

इर्जिक म्हणजे ज्यानं हाक मारली त्याच्या कामाला सगळ्यांनी राबायचं आणि दुपारी त्यानं पोटभर जेवण घालायचं. त्यात एक रीत अशी की, काम काय आहे हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे हाक मारणाऱ्याच्या तोंडावर शंका घेणं. शेजारच्या विश्वेशला तेवढा तिनं आधी गाठला, कारण पहार त्याच्याइतकी कुणाला चालवता येत नव्हती. तो जरा कचरला. प्लॉटवाला मोठा माणूस आहे म्हणाला. अलकाक्का म्हणाली, "व्हय रं बाबा, बस घरात. तुझ्या बायकूला पाठीव, तिच्या मनगटात हाय दम." विश्वेश रात्रभर मागून आणलेल्या पहारेला धार लावत बसला. पहारेला धार लागत नाही, पण त्याला कोण सांगणार.

रविवारी अकरा घरं भिंतीशी हजर. आणि मग या लोकांनी ते केलं जे जगातला कुठलाही गुन्हेगार करणार नाही. काम सुरू करायचं तर पूजा हवी. भिंतीला हळदकुंकू लावलं. पहारेला लावलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं. कीर्तीनं त्याआधी पारदर्शक नळी घेऊन दोन्हीकडची पातळी मोजली होती आणि पलीकडची जमीन जिथं सगळ्यांत खोल, तिथं खडूनं रेघ, बाण आणि इंग्रजी आकडे घातले होते. अलकाक्का तेव्हा म्हणाली होती की ओढा इथं नव्हता, जरा डाव्या हाताला होता. कीर्ती हसून म्हणाली, आई, हे फिजिक्स आहे. अलकाक्का रश्शाकडं वळली. शिकवायला पैसे आपणच घातलेले.

विश्वेश घाव घालत होता आणि बाळकृष्ण त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. पण पाठ भिंतीकडं करून. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण काही बघितलं नाही असं शपथेवर सांगता यावं. प्लॉटवाल्याचा राखणदार फाटकातून धावत आला, ओरडला, आणि तांबड्या रश्शाचा वास लागल्यावर सावकाश चालत आला. दोन ताटं जेवला. मग त्यानं मोबाइल काढला, तेव्हा सगळे केस सारखे करून, उरलेलं खोबरं हातात घेऊन भिंतीपुढं ओळीनं उभे राहिले. फोटो चांगला आला.

भोक पडलं, पाणी सुटलं, टाळ्या झाल्या. दोन विती पाणी उतरलं आणि खाली सिमेंटचा पट्टा लागला. पहार टणकन परत आली. भात अजून पाण्याखालीच होतं.

सोमवारी राखणदारानं तोच फोटो मालकाला पाठवला. मंगळवारी जीप आली.

जीपमधून सब-इन्स्पेक्टर रंजनी उतरली. तिशीतली, बोलणं कमी, बूट स्वच्छ. मागून शिपाई रघु, आणि त्याच्या मागून धोतर सावरत शेषाद्री. शेषाद्री तालुक्याला नोटरी होते. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. तीनशे वर्षं तमिळ मुलखात. म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायला दुभाष्या हवा म्हणून रंजनीनं त्यांना आणलं होतं. त्यांचं मराठी ऐकलं की एखाद्या ताम्रपटाला वाचा फुटल्यासारखं वाटायचं. अकरा घरं त्यांना चोरून हसायची, आणि ते या सगळ्यांच्या मराठीला उघड हसायचे.

रंजनीनं तमिळमध्ये विचारलं, भिंत कुणी फोडली. सगळ्यांनी विश्वेशकडं बघितलं. विश्वेशनं छाती पुढं काढली. त्याला हे नवीन नव्हतं. दोन दिवस तो दुसरं काही बोलतच नव्हता, विट्याला मेव्हण्यालाही फोन करून झाला होता.

मग बाकीच्यांनी आपापले हात झटकायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, मी फक्त माझी पहार दिली, फोडली यानं. दुसरी म्हणाली, मी फक्त भाकरी थापल्या. तिसरा म्हणाला, मी फक्त दगड बाजूला केले, नाहीतर कुणाच्या पायाला लागले असते. बाळकृष्ण म्हणाला की तो निवृत्त सरकारी माणूस असून त्यानं फक्त छत्री धरली, तीही पाठमोरी. शेषाद्री एकेक सांगत होते, रंजनी एकेक लिहीत होती. प्रत्येकजण सुटल्यासारखा श्वास टाकून मागं सरत होता. शेवटी शेषाद्रींनाच दया आली.

"अक्का, तुमची मंडळी आपल्याच हातें यादींत बसतायत," ते म्हणाले. "फोडणारा एकटा गुन्हेगार नव्हे. फोड म्हणून उठविणारा, फोडावयास हात देणारा, आणि थांबविणें ज्याचें काम असून जो उगी राहिला तो, हे सारे त्याच्याच पंगतीस. जेवढी त्याला शिक्षा, तेवढी यांना." हेच त्यांनी रंजनीसाठी तमिळमध्येही सांगितलं; फाटकाशी राखणदार ऐकत उभा होता.

"आन् नुस्तं बगनारा?" बाळकृष्णानं विचारलं.

"नुसतें बघितलें तर कांहीं नाहीं. तुम्ही छत्री धरलीत."

बाळकृष्ण चिखलात खाली बसला. विश्वेशला मात्र वेगळाच राग आला. "म्हंजी मी दीस उगवल्यापासनं घाम गाळला," तो म्हणाला, "आन् हिनं भाकरी थापल्या तरी बरूबर? ह्यो कसला कायदा म्हनायचा."

रंजनीला त्या भांडणात रस नव्हता. ती भिंतीशी गेली. भोकाच्या वरच्या अंगाला खडूची रेघ पावसातूनही शिल्लक होती. बाण, आणि बत्तीसचा आकडा. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाली की पहार मारणारा कुणी का असेना, हे डोकं शिकलेल्या माणसाचं आहे. जागा ज्यानं दाखवली, त्याचं नाव पहिलं येणार.

अलकाक्का कीर्तीच्या अंगाला जाऊन उभी राहिली. ठाण्यात पडलेल्या त्या फॉर्मवर सही करायची ती हीच बाई. एकदा नाव कागदावर चढलं की रेल्वे गेली. मग निर्दोष सुटायला दहा वर्षं लागोत की बारा. शेजारी कीर्तीनं तोंड उघडलं. अलकाक्कानं तिच्या पायावर पाय दिला आणि सगळा भार टाकला. चिखलात पाय दिला की आवाज होत नाही.

"रेगा म्या मारल्या," अलकाक्का म्हणाली. "हाक म्या दिली, ह्याला पेटीवला म्या, रस्साबी माझाच. लिवा माझं नाव."

शेषाद्रींनी सांगितलं. रंजनीनं तिला वरून खाली बघितलं आणि तिथं काय लिहिलंय ते वाच म्हणाली.

"लिवलं तवा ठावं हुतं. आता इसरले."

रघु हसला. रंजनी हसली नाही. तिनं विचारलं, मग जागा कशी शोधलीस, ते तरी सांग.

हे मात्र अलकाक्काला येत होतं. तिनं घरातून सूपभर भाताचा कोंडा आणवला आणि मूठ मूठ पाण्यावर टाकला. पाऊस थांबला होता, वारा नव्हता. कोंडा आधी नुसता तरंगला. मग कुणी हलकेच ओढावं तसा सरकायला लागला. भोकाकडं नाही, डाव्या हाताला. बारा-तेरा पावलांवर, अजून उभ्या असलेल्या भिंतीशी त्याचा पुंजका झाला आणि तिथंच गोल फिरत राहिला.

कीर्ती आईकडं बघायला लागली. नळीनं जमिनीची उंची बरोबर मोजली होती. जमिनीच्या खाली काय भरलंय, हे नळीला कळत नाही. जुना ओढा तिथं होता. त्यात मुरूम टाकून वर भिंत उभी केलेली, आणि पाणी तिच्या बुडाखालून आपली जुनी वाट हुंगत होतं.

रंजनीलाही दिसलं, पण तिला दिसलं ते वेगळं. खूण इथं आणि कोंडा तिथं, म्हणजे ही बाई खोटं बोलते. ती आता चिडली. म्हणाली, तू कुणाला तरी पाठीशी घालतेस. तू रेघ मारली नाहीस, तू काही केलं नाहीस. तुला ती पहार उचलता तरी येते का?

शेषाद्रींनी ते मराठीत सांगताना शेवटचं वाक्य जरा सावकाश सांगितलं.

"उचलता येती का?" अलकाक्का म्हणाली. "चाळीस वरसं शेनाच्या पाट्या उचलल्या, त्या काय फुलाच्या हुत्या?"

रंजनी म्हणाली, मग करून दाखव. तिनं रघुला भिंतीशी पडलेली पहार द्यायला सांगितलं.

अलकाक्कानं पहार घेतली आणि थांबली. "बाई, तुमी म्हनताय म्हनून करती हं. मागनं बोल नगं."

शेषाद्री नोटरी होते. त्यांनी हे शब्दाला शब्द सांगितलं आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. रंजनी वैतागून म्हणाली, हो, मीच सांगते आहे, कर. रघु, म्हातारीला मागून आधार दे, नाहीतर पडायची.

अलकाक्का कोंड्याच्या पुंजक्यापाशी गेली. तिनं भिंतीला हात लावला नाही. पहार तिरकी धरून भिंतीच्या बुडाखाली, मुरुमात घातली. रघुनं मागचं टोक धरलं. आधार द्यायचा म्हणून धरलं खरं, पण तरणा गडी; पहिल्या रेट्याला पहार नुसती रुतली, तेव्हा त्याला आपला अपमान वाटला. दुसऱ्या रेट्याला तो म्हातारीपेक्षा जास्त जोरात रेटला. बुडातून गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार निघून पलीकडं गेली. तिसऱ्याला धार मनगटाएवढी झाली आणि आतून गुळण्या केल्यासारखा आवाज यायला लागला.

"मागं सरा समदी," बाळकृष्ण ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं समोर तोंड करून काही बघितलं होतं.

भिंत पडली नाही. ती खाली बसली. दमलेली बाई उखळाशी टेकावी तशी, आधी मधला भाग वाकला, मग दोन्हीकडची दहा-दहा पावलं, आणि तीस हात भिंत चिखलात मांडी घालून मोकळी झाली. वरून पाणी गेलं. पाच दिवसांचं अडलेलं पाणी. जलपर्णी, चपला, नारळाच्या करवंट्या, सगळं घेऊन पिवळ्या दगडांमधून ओढ्याच्या जुन्या वळणानं गेलं. कुणी त्याला वाट दाखवली नाही. रघु मांडीभर पाण्यात पहार छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराचं हसू होतं. रंजनीकडं बघितल्यावर ते गेलं.

मग शेषाद्रींनी पिशवीतून कोरे कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं.

"बाई, पंचनामा लिहूं ना?" त्यांनी अगदी नम्रपणे तमिळमध्ये विचारलं, आणि अकरा घरांसाठी तेच मराठीत सांगितलं. "आज्ञा कोणाची, पहार कोणी धरली, थांबविणें कोणाचें काम होतें, सारें अनुक्रमानें लिहावें लागेल."

रंजनी त्यांच्याकडं बघत राहिली. मग रघुकडं. मग आपल्या बुटांकडं; त्यांतला एक आता दिसत नव्हता. तिनं राखणदाराला बोलावलं आणि फोटो मागितला. फोटोत अकरा घरं हातात खोबरं घेऊन हसत होती आणि मागं भिंत धडधाकट उभी होती. तिला हळदकुंकू लावलेलं. रंजनीनं त्याला विचारलं की हे भिंत फोडतायत की पुजतायत. आणि तू त्या वेळी काय करत होतास? राखणदारानं दोन्ही ताटं आठवली. त्यानं शेषाद्रींची पंगतीची गोष्टही मघाशी तमिळमध्ये ऐकली होती. पूजाच असावी, असं त्याचं मत पडलं.

रंजनीनं वहीचं पान फाडलं नाही, उलटलं. नव्या पानावर लिहिलं की ओढ्यात मुरूम भरून, पाया न घेता बांधलेली भिंत पुराच्या पाण्यानं ढासळली. हे खोटं नव्हतं. पाया खरोखर नव्हता. सही करताना तिनं मान वर न करता विचारलं, कीर्ती कोण?

कीर्ती पुढं झाली. अलकाक्कानं सूप छातीशी धरलं.

रंजनी तमिळमध्येच बोलली, आणि हे मात्र शेषाद्रींनी भाषांतर न करताही सगळ्यांना कळलं. फॉर्म उद्या जाईल, ती म्हणाली. आणि मोजायचं तर आधी आईला विचारून मोज. मग एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी ती जीपमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाणी घोट्याला आलं. सहा दिवस दम धरलेलं भात पिवळं पडून चिखलावर आडवं झालं होतं. अलकाक्का आणि कीर्तीनं वाफ्यावाफ्यातून रोपं उपटून, मुळं हुंगून बघितली. निम्मं जगणार होतं. उरलेल्या निम्म्याला नवं रोप लागणार, आणि त्याच्या आधी वाहून गेलेला मधला बांध घालायला हवा.

विश्वेश बांधावर तोंड पाडून बसला होता. शेषाद्रींनी त्याला जाता जाता पंचनाम्यातली ओळ वाचून दाखवली होती.

"आक्का, त्यात माझं नावच न्हाई," तो म्हणाला. "पावसानं पाडली म्हनं. मेव्हन्याला आता काय सांगू?"

"सांग की आजारी हुतास. आन् ऊठ, पाटी घे. बांध घालायचाय."

विश्वेश उठला. पाटी हातात घेतली. एक पाय चिखलात टाकला आणि दुसरा तसाच वर ठेवून उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यो बांध नक्की आपलाच न्हवं?"

इतक्या वर्षांत अकरा घरांतल्या कुणी कुणाला असं विचारलं नव्हतं. ओठांवर आलेली शिवी अलकाक्कानं गिळली.

"आपलाच हाय," ती म्हणाली.

विश्वेशनं मान हलवली. तरी तो आधी हद्दीच्या दगडापर्यंत जाऊन, वाकून बघून आला, आणि मग चिखलात उतरला.